सीरियस आहे, निघून ये

एप्रिल अर्धा सरला की आमच्या गावाच्या वेशीवर स्ट्रॉबेरीच्या आकाराची एक लाल टपरी येऊन उभी राहते. ट्रॅक्टरला जोडून आणतात तिला. शेजारी पाटी लागते: ताजी श्पार्गेल. म्हणजे पांढरी शतावरी. जर्मन माणूस एरवी सहसा कशानं हुरळून जात नाही, पण या पांढऱ्या कांड्या दिसल्या की ऑफिसातले अबोल लोकसुद्धा कुठल्या शेतातली गोड आणि कुठल्या शेतातली कडवट यावर हिरिरीनं बोलायला लागतात. नुसती उकडायची आणि वर पिवळा सॉस ओतायचा, यात कौतुक कसलं, कप्पाळ! एकदा मी तिची लसणाची फोडणी घालून भाजी केली आणि शेजारच्या बाईंना वाटीभर दिली. 'इंटरेसांट' म्हणाल्या. जर्मन बाई तुमच्या जेवणाला इंटरेसांट म्हणाली की पुन्हा वाटी पाठवायची नसते, एवढं मी अठरा वर्षांत शिकले आहे.

फ्रँकफर्टपासून एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, वीस-पंचवीस मिनिटांवर आमचं गाव. शेतं अजून शिल्लक आहेत, आणि त्यांना खेटून सॉफ्टवेअरवाल्यांच्या नव्या इमारती. त्यामुळे याच दिवसांत आमच्याकडे आणखी एक हंगाम सुरू होतो, तो आईबाबांचा. तीन महिन्यांचा व्हिसा, थंडी संपलेली, पाऊस नाही, नातवंडांना सुट्ट्या जवळ आलेल्या. पुण्या-मुंबईचे, नाशिक-साताऱ्याचे आईबाबा येऊन थडकतात. बाबा मुलाचं जुनं जॅकेट घालून स्टेशनपर्यंत चक्कर मारून येतात आणि गाडी किती मिनिटं उशिरा आली ते जेवताना सांगतात. आई साडीवर पांढरे बूट घालून बागेतल्या बाकावर बसते. नातू तिच्याशी जर्मनमध्ये बोलतो, ती त्याच्याशी मराठीत, आणि दोघांचं बरं चाललेलं असतं. लिंडनच्या झाडांना फुलं आलेली असतात, रात्री साडेनऊलाही उजेड असतो, आणि तो उजेड बघून प्रत्येक आई दर वर्षी म्हणते, अगं बाई, इथे झोपायचं तरी कधी?

जून संपत आला की श्पार्गेल काढणं थांबवतात. झाडाला पुढच्या वर्षासाठी विश्रांती हवी म्हणतात. साधारण तेव्हाच व्हिसेही संपत येतात आणि विमानतळावर बॅगा वजनाला लागतात.

यंदाही टपरी आली. मी गाडीतून तिच्यासमोरून गेले, थांबले नाही. माझ्या डोक्यात हा मोसम आता एका सकाळीला चिकटलाय.

सहा वर्षांपूर्वी मी एक काम पत्करलं. त्याला मराठीत नाव नाही. जर्मनमध्ये नोटफालझेलझोर्गे म्हणतात, म्हणजे आणीबाणीच्या वेळी माणसाच्या मनाकडे बघणं. गावातली दोन चर्च मिळून ते चालवतात आणि काम करणारे आम्ही सगळे हौशी. इथे कुणी अचानक दगावलं तर पोलीस ती बातमी फोनवर सांगत नाहीत, घरी जाऊन सांगतात. त्यांच्याबरोबर आमच्यातले दोघे जातात. पोलीस निघून गेल्यावर आम्ही मागे थांबतो, कुणी नातेवाईक, मित्र येईपर्यंत. कधी अग्निशमन दलाची माणसंच हबकलेली असतात, तेव्हा त्यांच्यापाशी बसतो. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर तपासते, दुसऱ्यांच्या चुका शोधते. हे दुसरं काम महिन्यातून एक आठवडा, फोन जवळ ठेवून.

इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना वाटलं, मी ख्रिश्चन झाले. गणपतीच्या आरतीला एकीनं माझ्याकडे जरा निरखूनच पाहिलं. सासूबाईंना तर मी हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोक मर्तिकाला जायचं टाळतात, आणि तू कोर्स करून जातेस? धन्य आहे!" चर्चच्या लोकांनाही आधी प्रश्न पडला होता, ही हिंदू बाई घ्यावी का म्हणून. तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्यांनी तो सोडवला. म्हणाले, अशा वेळी दार उघडणारा माणूस बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. मला ते पटलं. मी देवाबद्दल काही बोलणार नव्हते, आणि तेही बोलू नकोस असंच म्हणत होते.

कोर्समध्ये बातमी सांगायची पद्धत शिकवतात. पद्धत अगदी सरळ आहे. दारात उभ्यानं सांगायचं नाही. आत जायचं, समोरच्याला बसवायचं. घरात आणखी कोणी आहे का ते बघायचं. मग एका वाक्यात सांगायचं, आणि त्या वाक्यात मेल्याचा स्पष्ट शब्द असला पाहिजे. 'आपल्यात नाहीत', 'सोडून गेले', असलं काही नाही. आशेला जागा राहील असं तर एक अक्षरही नाही. आणि एवढं बोलून झालं की गप्प बसायचं.

याचा सराव करून घेतात. समोर खुर्चीत बिर्गिट बसली होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, सत्तरीला टेकलेली, उंच, आखूड पांढऱ्या केसांची बाई. पुढे तीच माझी जोडीदार झाली. मी तिला सांगायचं होतं की तुमचा नवरा मेला आहे. बाकीचे अडखळत होते, घसे खाकरत होते. एक धट्टाकट्टा गृहस्थ तर मध्येच उठून पाणी प्यायला गेला. मी पहिल्या झटक्यात सांगितलं. बिर्गिट म्हणाली, "गेनाऊ. अगदी असंच." मला शाबासकी मिळाल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

तो नियम मला आवडण्याचं कारण होतं, आणि ते मी कोर्समध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे बातमी कशी सांगतात? सांगतच नाहीत. लहानपणी घरी फोन यायचा, 'मामांना जरा जास्त आहे, निघा.' की लगेच आई पांढरी साडी पिशवीत भरायची. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. गाडीत सगळे गप्प. पोचेपर्यंत माणूस 'सीरियस' असायचा आणि दारातल्या चपला बघितल्या की मेलेला असायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि सगळे एकमेकांना सांभाळून घ्यायचे. मला यात लहानपणी काही वावगं वाटलं नाही.

मग मी इथे राहायला आल्यावर एका गुरुवारी माझ्या भावाचा, मंदारचा, नाशिकहून फोन आला. मी ऑफिसात होते. म्हणाला, "ताई, बाबा सीरियस आहेत. निघून ये." मी म्हटलं, बरं. दुसरं काही विचारलं नाही. बाबा गेले हे मी तिथल्या तिथे समजून चुकले. खिडकीशी जाऊन उभी राहिले, रडले, तोंड धुतलं. नवरा म्हणाला, रात्रीचं एक विमान आहे, मध्ये एक थांबा आहे, पण जागा मिळतेय. मी म्हटलं, आता कसली घाई? मुलीची सोय लावली, धुतलेले कपडे घडी केले, ऑफिसात कामं वाटून दिली आणि दुसऱ्या दिवशीच्या थेट विमानानं निघाले. विमानात बाबांसाठी जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं.

बाबा शनिवारी पहाटे गेले. मी मुंबईत उतरत होते तेव्हा. म्हणजे मंदारनं फोन केल्यानंतर दीड दिवस ते होते. बोलत होते. 'मेधा निघाली का?' असं त्यांनी किती वेळा विचारलं ते वहिनीनं मला सांगितलं, पण तो आकडा मला इथे लिहायचा नाही. मी मंदारवर ओरडले, नीट का नाही सांगितलंस म्हणून. तो बिचारा बघतच राहिला. म्हणाला, "सीरियस आहेत म्हटलं होतं ना, ताई!" म्हटलं होतं. खरं तेच बोलला होता. आपल्यात तो शब्द इतक्या वेळा खोटा वापरलेला, की खरा आला तेव्हा मी ओळखलाच नाही.

तर म्हणून मला तो जर्मन नियम आवडला. स्वच्छ नियम. बोलतील ते खरं आणि खरं तेच बोलतील. इतक्या वर्षांत या देशातलं मला मनापासून आवडलेलं जे काही आहे, त्यात हे फार वर आहे.

माझा पहिला मोसम सुरू झाला तो श्पार्गेलच्या दिवसांतच. उन्हातली घरं आठवतात. एकदा महामार्गावर मोठा अपघात झाला आणि आम्हाला अग्निशमन केंद्रात बोलावलं. इथे गावोगावची आगवाली माणसं गावातलीच असतात. कुणी बेकरीत, कुणी शाळेत, भोंगा वाजला की हातातलं टाकून पळतात. त्या दिवशी सगळे लांब टेबलाशी बसले होते आणि कॉफीच्या यंत्राची घरघर तेवढी चालली होती. कुणीही अपघाताबद्दल बोलेना. गाडीचं टायर बदलायला झालंय, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. एक मुलगी बेसिनपाशी तिचे हातमोजे धूत उभी होती. धुऊन झालेच होते ते, तरी धूत होती. बिर्गिट तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिनं नुसता नळ बंद केला. ती मुलगी तेव्हा रडली. बाहेर कुणाच्या तरी बागेतून भाजलेल्या सॉसेजचा वास येत होता. घरी जाताना मी बिर्गिटला विचारलं, आपण नेमकं केलं काय? ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे, आपण तिथे होतो."

अशा चार-सहा घरी गेले. बातमी पोलीसच सांगत, पण कधी ते अडखळले तर मी ते वाक्य पुरं करत असे. जर्मनमध्ये माझा आवाज कापत नाही. माणसं किंचाळायची, काही हसायची, एका आजोबांनी आम्हाला बसवून आधी कुंड्यांना पाणी घातलं. मी शांत असायचे. घरी येऊन डाळ-भात खायचे आणि झोपायचे. मला वाटायचं, जमलं आपल्याला.

मग ती जूनची सकाळ. मी घरून काम करत होते. दहाच्या सुमारास फोन आला. स्टेशनच्या फलाटावर एक चाळिशीचा माणूस सव्वाआठला कोसळला होता. रुग्णवाहिका आली, खूप वेळ प्रयत्न केले, हृदय परत सुरू झालं नाही. पत्ता दोन गल्ल्या पलीकडचा. नाव ऐकलं आणि मी पेन खाली ठेवलं. मराठी आडनाव होतं.

इमारतीखाली एक पोलीस आणि बिर्गिट उभे होते. पोलीस तरुण होता. घंटीवरचं नाव त्यानं ओठांतल्या ओठांत तीनदा म्हणून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, मी बरोबर म्हणतोय का? मी म्हटलं, हो.

दार रश्मीनं उघडलं. तिचं नाव मला नंतर कळलं. पस्तिशीची असेल. कानांवर हेडफोन, कुठल्या तरी मीटिंगमधून उठून आलेली. पोलिसानं विचारलं, आत येऊ का. तिनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, स्वतः समोर बसली. तो इंग्रजीत म्हणाला, तुमचे पती आज सकाळी मरण पावले. सगळं नियमानुसार. रश्मी म्हणाली, "नाही, त्याची नऊ वाजता मीटिंग होती." मग तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यांची वायर बोटाला गुंडाळत बसली. मी तिच्या शेजारी जाऊन मराठीत म्हटलं, मी मेधा, मी इथेच आहे. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. "आई," ती म्हणाली. "आई बाल्कनीत आहेत. त्यांना…"

तेवढ्यात बाल्कनीचं दार सरकलं. रश्मीच्या सासूबाई, गेलेल्या निखिलची आई. सत्तरीच्या. साडीचा पदर खोचलेला, कोपरांपर्यंत हात ओले, बोटांना बटाट्याचा कीस चिकटलेला. तिकडे साताऱ्याला पाऊस सुरू झाला असेल म्हणून इथल्या उन्हात कीस वाळत घालत होत्या. त्यांनी आधी पोलिसाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग माझ्याकडे. माझा चेहरा त्यांना ओळखीचा वाटला असणार, म्हणजे आपल्यातला.

"अगं बाई, पोलीस कशाला? काय झालं गं? निखिल कुठाय?"

आणि मी म्हणाले, "काकू, निखिल सीरियस आहे. दवाखान्यात नेलंय."

रश्मीनं मला तसं सांग म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. दोष द्यायला मला दुसरं माणूस नाही. ते वाक्य कुठे तरी आत तयारच बसलेलं होतं आणि ते माझ्या तोंडून सहज, प्रेमळ आवाजात बाहेर आलं. रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही तरी होतं, आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पोलिसाकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, त्यानं मान लववली. काकूंचे खांदे जरा खाली आले. "शुद्धीवर आहे ना?" त्यांनी विचारलं. मी काही तरी पुटपुटले. "बरं," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पोलीस कागद देऊन निघून गेला. बिर्गिट रश्मीपाशी बसली. मी उंबऱ्यात उभी, एक डोळा इकडे, एक तिकडे. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. काकू मला तिथूनच विचारत होत्या. इथे दवाखान्यात काय देतात गं खायला, ब्रेडच ना? मऊ भात करते, मेतकूट आणलंय मी येताना. त्याचा चष्मा टेबलावरच राहिलाय, तो घ्यायला हवा. मोबाईलचा चार्जर रश्मीला काढून ठेवायला सांग. एसी असतो का तिथे, स्वेटर घेऊ का? मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते. मी मुळात एकच खोटं बोलले होते, पण त्या माऊलीनं विचारलं की त्याला आणखी एक जोडावं लागत होतं. स्टीलचा डबा निघाला, त्याचं झाकण घट्ट बसतं का ते त्यांनी दोनदा लावून पाहिलं. मेतकुटाचा वास सुटला.

बिर्गिट उठून माझ्यापाशी आली. "ती काय करते आहे?"

"भात."

"कुणासाठी?"

बिर्गिटला मराठीचा एक शब्द येत नाही, पण डबा दिसत होता, चष्मा दिसत होता.

"मेधा, काय सांगितलंस तू तिला?"

मी सांगितलं. मला वाटलं, चिडेल. चिडली नाही. फक्त म्हणाली, "आत्ता सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहते." आणि खरोखरच आत येऊन फ्रिजपाशी उभी राहिली.

मी म्हटलं, "काकू, जरा बसा."

"भात खाली लागेल."

"लागू दे. मी मघाशी खोटं बोलले. निखिल दवाखान्यात नाही. तो सकाळीच वारला. स्टेशनवर. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले."

त्या बसल्या नाहीत. शेगडी बंद करायला वळल्या. इथल्या शेगडीला बटण नसतं, काचेवर बोट ठेवावं लागतं, आणि ओल्या बोटाला ती दाद देत नाही. त्यांनी तीन-चारदा बोट ठेवलं. मी हात पुढे केला तर माझा हात बाजूला सारला, पदरानं बोट पुसलं आणि स्वतः बंद केली. घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.

"कधी?"

"सव्वाआठला कोसळला."

"आणि तू आलीस साडेदहाला."

"हो."

"म्हणजे पाऊण तास," त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तू सीरियस म्हणालीस तेव्हाच ओळखलं होतं मी. मला काय कळत नाही? आपल्याकडं असंच सांगतात. मी स्वतः किती जणींना सांगितलंय. पण म्हटलं, ही पोलिसांबरोबर आलीय. निखिल सांगायचा, आई, इथली माणसं तोंडावर खरं बोलतात, तुला आवडणार नाही. म्हणून मी ते खरं धरलं. शेजारणीनं येऊन सांगितलं असतं ना, तर नसतं धरलं."

"चुकलं माझं, काकू."

"हो. चुकलं."

पुढे आमच्या महिन्याच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. आपली चूक आपण सांगायची असते तिथे. एकानं अतिशय सौजन्यानं विचारलं, हा तुमच्या संस्कृतीचा भाग असेल का? मला राग आला. म्हटलं, संस्कृती कसली, मी घाबरले. जर्मनमध्ये मी बाहेरची आहे, म्हणून धीट. मराठीत एका ओल्या हातांच्या बाईनं 'अगं बाई' म्हटलं आणि मी आठ वर्षांची झाले. बिर्गिटनं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. त्यांनी मला काढलं नाही, मीही सोडलं नाही. पण मंदारवर मी इतकी वर्षं जो मनात राग धरून बसले होते, तो त्या आठवड्यात कधी गेला ते मला सांगता येणार नाही. त्याचं बोलणं मी खोटं मानलं होतं. आणि काकूंनी माझं खोटं खरं मानलं, केवळ मी या देशाच्या माणसांबरोबर उभी होते म्हणून. ज्या गोष्टीसाठी मी या कामात आले, तिचाच मी त्यांच्याविरुद्ध वापर केला होता. हे मला कुणी माफ करावं असं वाटत नाही. त्यांनीही केलं नाही, आणि ते योग्यच होतं.

आम्ही पुन्हा त्या घरी जात नाही, तसा नियम आहे. पहिले काही तास आमचे, पुढचं त्यांचं. त्यामुळे रश्मीचं पुढे काय झालं, काकू कधी परतल्या, मला ठाऊक नाही. त्या घरापुढून जाताना मी वर बघत नाही.

पण त्या सकाळी मी आणखी तासभर तिथे होते.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, सुनेपाशी जाऊन बसल्या आणि तिला कुशीत घेतलं. तेव्हा दोघी रडल्या. मोठ्यानं, ओक्साबोक्शी. बिर्गिटनं खिडकी लावून घेतली नाही, उघडीच राहू दिली. नंतर काकूंनी डोळे पुसले आणि फोन मागितला. निखिलचे वडील साताऱ्याला होते. गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही म्हणून एकटेच मागे राहिलेले, लेक पुण्यात.

रश्मी घाबरली. "आई, बाबांना नको. त्यांची बायपास झालीय. सुप्रियाताई पुण्याहून निघतील, त्या पोचल्यावर सांगतील. तोवर आपण नुसतं…"

"नुसतं काय?"

"सीरियस आहे म्हणू."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला काही तरी बोलतील. बोलल्या त्या सुनेशीच. "मी पाऊण तास भात शिजवला, बाळा. त्यांना नाही बसवायचं तसं."

त्यांनीच नंबर लावला. तिकडे तीन वाजले असतील. बराच वेळ घंटी वाजली. मग म्हाताऱ्या माणसाचा झोपेतला, जरा वैतागलेला आवाज खोलीत आला.

"अहो, मी बोलतेय. उठून बसा." थांबल्या. "बसलात का? घरात कोण आहे? शांता आहे ना भांडी घासायला, तिला आत बोलवा. नाही, आधी बोलवा. मग सांगते." फोन दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या होत्या. तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. "आली? तुमच्याजवळ उभी आहे? आता ऐका. आपला निखिल वारला हो. आज सकाळी."

पलीकडे पंख्याची खरखर ऐकू येत होती. मग ते म्हणाले, अगदी हळू, जपून, "म्हणजे… सीरियस आहे का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "वारला."

आणि त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. फोन कानाला तसाच धरून उभ्या राहिल्या, तिकडून रडण्याचा आवाज येईपर्यंत.